गंगव्वाच्या घरचा ड्रायर

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे एका वॉशिंग मशीनचा बोर्ड. दुपारची वेळ होती. माझी बायको सुभद्रा स्टुलावर बसून, शिसं वितळवून सोल्डर करत होती आणि मी बॅटरी धरून उभा होतो. हात हलवू नका, मला दोन-दोन दिसायलंय, असं ती दोनदा म्हणाली. काम झाल्यावर चहा घेतला, भाकरीचा कुस्करा खाल्ला. चौथ्या दिवशी तिच्या छातीत दुखायला लागलं. हुमनाबादच्या दवाखान्यातून बिदरला न्या म्हणाले. वाटेतच संपली.

पुण्यानुमोदनाचा विधी झाला, लेक परत सासरी गेली, मी दुरुस्तीचं दुकान पुन्हा उघडलं. घरात बसून काय करणार?

आता एक गोष्ट सांगतो, जी तीस वर्षं सांगितली नाही. आमच्या दुकानावर नाव माझं. गावात सगळे म्हणायचे, बोर्डाचं काम असेल तर याच्याकडं जा. पण बोर्ड, म्हणजे मशीनला हुकूम देणारी बारक्या पार्टांची पाटी, मी कधी केलाच नाही. मोटार, बेल्ट, बेअरिंग, वायरिंग माझं. बोर्ड सुभद्राचा. मी तिसरी शिकलेला, ती सातवी. बारक्या पार्टवरच्या रंगाच्या पट्ट्या बघून ती आकडा सांगायची. बाई बोर्ड करते म्हटलं तर गिऱ्हाईक मशीन उचलून नेईल असं मला वाटायचं, म्हणून ती आत बसायची आणि मी गल्ल्यावर. तिला काय वाटायचं ते मी विचारलं नाही.

ती गेल्यावर कुणी बोर्ड आणला की मी पार्ट मिळत नाही म्हणून परत करायचो. लोकांना वाटायचं, म्हाताऱ्याचं मन लागत नाही. मी ते तसंच राहू दिलं.

अशात महादेवी अक्का आली. ती शाळेत शिकवते. तिच्या घरी ड्रायर आहे, म्हणजे कपडे वाळवायची मशीन. आत ड्रम फिरतो, हीटरची गरम हवा त्यातून जाते. आमच्याकडं ऊन एवढं की असली मशीन कुणी घेत नाही. हिच्या दिरानं हैदराबादहून आणून दिलेली. पण आता तीच लागत होती. सासू, गंगव्वा, न्हाणीत पडून खुब्याचं हाड मोडलेलं. दोन महिने खाटेवर. दिवसाला आठ-दहा फडकी बदलायची आणि बाहेर आठ दिवस पावसाची पिरपिर. वाळेना काही. ओलसर फडक्यावर निजून म्हातारीच्या पाठीला जखम झालेली. डॉक्टरनं सांगितलं होतं, ही जागा कोरडी राहिली नाही तर जखम हाडापर्यंत जाईल.

कंपनीचा माणूस कलबुर्गीहून येऊन गेला होता. त्यानं बोर्ड गेला म्हणून सांगितलं. नवा यायला पंधरा दिवस.

"अण्णा, पंधरा दिवस तिची पाठ थांबत न्हाई," अक्का म्हणाली.

बघतो म्हणालो. बोर्ड नसावा एवढंच मनात होतं.

मशीन गंगव्वाच्या खाटेजवळच खिडकीखाली होती. म्हातारी ऐंशीच्या पुढची, अंगानं काडी, आवाज मात्र ठणठणीत. मी मशीन चालू केली. दिवे सगळे लागले. स्टार्ट दाबलं की एक बीप, आणि गप्प. ड्रम हलेना.

मग एकेक बघत गेलो. प्लगला करंट बरोबर. पिन काढली. ड्रम हातानं फिरवला, मोकळा फिरला, म्हणजे बेल्ट आणि बेअरिंग ठीक. हीटरजवळ एक फ्यूज असतो, मशीन जास्त तापली की तो उडतो. तोही शाबूत. राहिला दाराचा स्विच. दार उघडं असताना ड्रम फिरू नये म्हणून तो असतो. दार लावून मीटर लावला; करंटची वाट सलग असली की तो वाजतो. बीप वाजला. स्विचही चांगला.

म्हणजे बोर्डच. मी स्क्रू डब्यात टाकले आणि पिशवी आवरायला लागलो. अक्का स्वयंपाकघरात होती. गंगव्वानं मान वळवली.

"कामून आवरायलास?"

"बोर्ड हाय अव्वा. कंपनीवाला बरोबर बोलला."

"हेच सांगायचं होतं तर तो काय वाईट होता? त्याच्या पायात बूट तरी होते."

तिनं डोळे मिटले आणि हळू आवाजात म्हणाली, "पाठीखाली वलं लागतंय रे. सुनेला कितींदा हाक मारू? ती बी माणूसच हाय."

पिशवी खाली ठेवली. म्हटलं, उघडून बघायला काय जातंय.

वरचं झाकण काढलं. पिन काढली तरी बोर्डात थोडा करंट साठून राहतो, म्हणून सुभद्रा आधी थोडं थांबायची. मीही थांबलो. मग बोर्ड उलटा करून खिडकीपाशी धरला. सगळ्या बोर्डावर रबरासारखा लेप होता, फक्त जिथं वायरी खोचतात तिथं नव्हता. त्या जागी तपकिरी चिकट डाग, आणि त्यात चार मेलेल्या मुंग्या.

बोर्डावरचे ते बारके पार्ट माझ्या ओळखीचे नाहीत. वायर मात्र ओळखीची. बोर्डावर तांब्याच्या ज्या पट्ट्या असतात, त्या म्हणजे चपटी करून चिकटवलेली वायरच. मग मी वायरीचंच काम केलं. दाराच्या स्विचपासून मीटर लावत आलो. वायर खोचतात तिथपर्यंत बीप. त्याच्या पुढं बोटभर अंतरावर, डागाच्या पलीकडं, बीप नाही. डागाखाली पट्टी हिरवी पडून खाल्ली गेलेली. दार लावलेलं असायचं, स्विच तसं सांगायचा, पण निरोप आत पोचायचाच नाही. दार उघडंच आहे असं धरून मशीन बसून राहायची.

आता हा डाग आला कुठून? पाणी म्हणावं तर पाण्याला मुंग्या येत नाहीत. चहा सांडला का, म्हणून अक्काला विचारलं. ती नाही म्हणाली. मग झाकणाकडं बघितलं. बटणामागं बारीक फट होती आणि तिच्या कडेला वाळलेलं कुंकू.

"अक्का, हिची पूजा करता काय?"

"खंडेनवमीला करतो की. समद्या मशीनीची."

"नारळ कुठं फोडता?"

अक्का खाटेकडं बघायला लागली. आम्ही बौद्ध, आमच्या घरी नारळ फुटत नाही, म्हणून मला हे उमगायला एवढा वेळ लागला. नाहीतर कुंकू दिसल्याबरोबर कळलं असतं. नारळाचं पाणी गोड असतं, खारटही असतं. फटीतून आत गेलं, वाळलं, आणि नऊ-दहा महिने तांबं खात बसलं.

"मीच फोडला," गंगव्वा म्हणाली. "हिच्यावरच. ही नको नको म्हणत होती."

अक्कानं सासूची उशी सरळ केली. मी सांगत होते, एवढं न म्हणणं त्या घरात किती अवघड असेल ते मला कळलं.

जुना टूथब्रश आणि स्पिरिटनं डाग धुतला. हे मी रोज बघितलेलं, पण हातानं पहिल्यांदा करत होतो. पट्टी खरवडून चकचकीत केली. वायरीतली एक तार काढून खाल्लेल्या जागेवर आडवी ठेवली आणि दोन टोकं सोल्डर केली. पहिलं टोक तीनदा सुटलं. सुभद्राचा सोल्डर मोहरीएवढा गोल बसायचा, माझा ज्वारीच्या लाहीसारखा फुलला. मीटर लावला. बीप वाजला.

बोर्ड बसवला, पिन लावली, स्टार्ट दाबलं. ड्रम फिरला. थोड्या वेळानं काचेला हात लावला, तर गरम. अक्कानं ओली फडकी आत टाकली आणि तिथंच खाली बसली. तासाभरानं पहिलं कोरडं फडकं काढून तिनं म्हातारीच्या पाठीखाली सारलं. गंगव्वानं हातानं फडकं चाचपलं. मग म्हणाली, "बोर्डाला तुझा हात चांगला हाय म्हणत्यात, ते खोटं न्हाई."

मी मान हलवली आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधीच तिकडं गेलो. मशीन चालू होती. गंगव्वा जागीच होती.

"आता काय राहिलं?" तिनं विचारलं.

"अव्वा, काल तुम्ही माझ्या हाताला चांगलं म्हणालात. बोर्ड माझी बायको करायची. तीस वर्षं. ती गेली. मी नुसतं गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचो."

तिनं माझ्याकडं नीट बघितलं. "नाव काय तिचं?"

"सुभद्रा."

"मग काल कुणी केलं?"

"मीच."

"तिनंच शिकवलं म्हण की." आणि मग, "खंडेनवमीला मी उठले तर नारळ फोडणारच. आधीच सांगून ठेवते."

"पायरीवर फोडा."

"बघू."

त्या बघूचा अर्थ मला कळला. सून नको नको म्हणत होती तेव्हा म्हातारीनं ऐकलं नाही, ती माझं काय ऐकणार. त्यापेक्षा फट बुजवणं सोपं. मी मशीनची पिन काढली, झाकण उघडलं, बटणामागच्या फटीत सिलिकॉन भरलं आणि ते वाळेपर्यंत तिथंच बसून राहिलो.