सिनेमात हरवलेली छबुबाई

आमच्या वाडीतल्या छबुबाईचं भूत केलं ते बीडच्या एका पोरानं, आणि तेही तिच्याच हातचा चहा पिऊन.

दिवाळी सरली की आमची माणसं टोळ्या करून ऊसतोडीला जातात. ट्रॅक्टर मांजरसुंब्याकडं वळले की मागं उरतात दारांची कुलपं, चार म्हातारी माणसं आणि माझं किराणा दुकान, ज्यात तेव्हा गिऱ्हाईक म्हणून माश्याच येतात. शाळा बुडू नये म्हणून काहीजण लेकरं छबुबाईकडं ठेवून जायचे. तिला स्वतःचं मूल नाही, नवरा जाऊन जमाना झाला. बाकीचं वर्ष ती नुसतं काढायची. जगायची ती हिवाळ्यात. लेकरांच्या उवा काढायच्या, शेंगा भाजून द्यायच्या, पाठीत धपाटा घालून शाळेत पिटाळायचं.

गेल्या हिवाळ्यात सत्यम नावाचा तो पोरगा मोबाईल घेऊन आला. त्याला भुताचा सिनेमा काढायचा होता, पण खराखुरा वाटणारा. जणू कुणी बातमी आणायला गेलं आणि कॅमेऱ्यात भलतंच सापडलं. आमच्या कुलपांवर स्वारी बेहद्द खूश! लेकरं शाळेत होती. त्यानं छबुबाईला दारात उभं करून विचारलं, "गावातली माणसं कुठं गेली?"

"समदे गेले. म्या एकलीच हाय," ती म्हणाली.

त्या सगळ्या थापेबाजीत खरं वाक्य तेवढं एकच, आणि लोकांना घाम फुटला तो त्याच वाक्यानं. सिनेमाच्या शेवटी त्यानं पाटी टाकली, 'सत्य घटना. ही बाई त्यानंतर कुणालाही दिसली नाही.' अरे मुडद्या, रोज माझ्याकडं चहापत्ती न्यायला येते ती!

सिनेमा मोबाईलवरून फिरत फिरत उसाच्या फडावर गेला, तिथून माणसांबरोबर वाडीत आला, आणि लेकरांनी पाहिला.

यंदा निघायच्या दिवशी छबुबाई सकाळपासून भामाबाईच्या दारात बसलेली. भामाबाईची आरोही दोन हिवाळे तिच्याच कुशीत निजली होती.

"ठिवती ना पोरीला?"

भामाबाईनं मान खाली घातली. "मावशे, मला का कळत न्हाई? त्या सिनेमातलं कुलूप माझ्याच दाराचं हाय. पण पोरगी लई भिती. तुजं नाव काढलं की रडती."

छबुबाईनं शेंगदाण्याचा लाडू पुढं केला, तशी आरोही किंचाळून आईच्या पदराआड गेली. शाळा राहिली बाजूला, पोरीला उचलून ट्रॅक्टरमध्ये बसवलं. बाकीच्यांनीही आपापली लेकरं नेली. मला त्या पोरीचा राग आला, मग माझाच आला. सात वर्षांचं लेकरू ते, त्याला काय कळणार?

दुपारी छबुबाईनं सवयीनं जास्तीच्या भाकरी टाकल्या. तेवढ्यात माझ्या दुकानापुढं मोटरसायकल थांबली. दोन तरणी पोरं होती. "काका, ती गायब झालेली बाई कुठं राहायची?"

मी समोरच्या दाराकडं बोट केलं. आवाज ऐकून छबुबाईच बाहेर आली. माणसं बघून तिचा चेहरा खुलला. पदर सावरत म्हणाली, "या बाबांनो, भाकर खाऊन जावा."

दोघांनी गाडीवर टांग टाकली आणि जे सुटले, ते मागं वळून बघितलंच नाही.

मला हसू आलं. ती मात्र धुळीकडं बघत उभी होती.

"त्रिंबकभाऊ," ती म्हणाली, "आरोही तर लेकरू हाय. ह्ये एवढे मोठाले, ह्ये कशापायी पळाले?"