कच्चं पीठ

अक्काताईच्या आंबिलीला नावं ठेवणारा माणूस निपाणीत मी तरी पाहिलेला नाही, आणि नावं ठेवण्यात मी कुणाला हार जाणारी नाही. हायस्कुलात विज्ञान शिकवण्यात माझा जन्म गेला. त्यामुळे चूक दिसली की बोलून टाकायची खोड जिभेला लागली आहे. निवृत्त झाल्यावर सकाळी फिरून येताना स्टँडजवळच्या तिच्या गाड्यापाशी थांबायचं आणि पेलाभर आंबील पिऊन घरी जायचं, असा माझा नेम होता. तिचं घरही आमच्याच गल्लीत, माझ्या दारासमोर.

गिऱ्हाईक मराठी की कन्नड हे ती चेहऱ्यावरून ओळखायची. मग "जेवलासा?" नाहीतर "ऊट आयता?" असं विचारायची आणि उत्तर काहीही आलं तरी पेला हातात द्यायची. तरुणपणी ती आणि तिचा नवरा भावकू, दोघंही तंबाखूच्या वखारीत कामाला होते. भावकू पोती उचलून उचलून छातीच्या आजारानं गेला, तेव्हा तिनं वखार सोडली आणि आंबिलीचा गाडा घातला. त्यावर तिनं एकुलत्या एका पोराला, विक्रमला, शिकवलं.

आंबिलीच्या बाबतीत तिचं एकच म्हणणं होतं. पीठ कच्चं राहता कामा नये. नाचणीचं पीठ आदल्या दिवशी आंबवायचं, सकाळी मंद आचेवर हात न थांबवता ढवळायचं आणि कच्चा वास पूर्ण गेल्याशिवाय भांडं उतरवायचं नाही. एकदा घाईत जरा कमी शिजली, तर तिनं अख्खं पातेलं गटारीत ओतलं आणि त्या दिवशी गाडा लावलाच नाही. मी म्हटलं, अगं, एवढं काय बिघडलं असतं? तर माझ्यावरच उखडली. "कच्चं पीठ लोकांच्या पोटात घालायचं म्हंजे वैऱ्याचं काम, बाई," म्हणाली.

विक्रमचं लग्न तिनं आपल्या भावाच्या मुलीशी, मंगलशी, लावलं. भाऊ रवळू खानापूरकडच्या एका खेड्यात भातशेती करतो. आमच्याकडं मामाची मुलगी करण्याची रीत जुनी आहे. पोरगी परक्यात जात नाही, सासू आधीपासूनच आत्या असते, मग भांडणाला जागा राहत नाही, असं सगळे मानतात. मंगल लग्नाआधी तिला आत्ती म्हणायची आणि लग्नानंतरही आत्तीच म्हणत राहिली. दोघींचं खरंच जमायचं. गल्लीतल्या बाकीच्या सासवांना ते बघवत नसे.

मग विक्रम-मंगलला मुलगी झाली, तेजस्वी. गुबगुबीत गाल, पुढं आलेलं गोल पोट, बारीक हातपाय. बाळसेदार पोर दिसली की आमच्या लोकांना गाल ओढल्याशिवाय चैन पडत नाही. अक्काताई पोरीला काखेत घेऊन गाड्यावर यायची आणि लोक म्हणायचे, आजीच्या आंबिलीवर वाढलीय बघा. अक्काताई खुलायची. ते पोट जेवणानं नाही, आजारानं सुटलंय, हे तेव्हा तिलाही माहीत नव्हतं आणि मलाही.

पोर मोठी होईना. एका सकाळी ती अंथरुणात थंडगार, घामानं भिजलेली सापडली आणि तिला झटके आले. अक्काताईनं मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. दुसऱ्यांदा तसंच झालं तेव्हा विक्रम आणि मंगल तिला घेऊन बेळगावला गेले. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी बऱ्याच तपासण्या करून सांगितलं की हा जन्माचा आजार आहे आणि तो फार थोड्या मुलांना होतो. आईबाप नात्यातले असले की असं होण्याची शक्यता वाढते, हेही सांगितलं. हे लग्न अक्काताईनंच जुळवलं होतं. तिसऱ्या दिवशी माझ्या दारात येऊन बसली आणि म्हणाली की पोरीच्या आत नेमकं काय झालंय ते मला समजंल असं सांगा.

मी सांगितलं. आपण जेवतो त्याची साखर होते आणि ती रक्तात येते. अंगाला लागेल तेवढी वापरली जाते आणि उरलेली लिव्हर स्वतःकडे साठवून ठेवतं. आपण झोपलो, कामात जेवण चुकलं, की रक्तातली साखर उतरू लागते. तेव्हा लिव्हर आपल्या साठ्यातली थोडी थोडी बाहेर सोडतं. म्हणून माणूस रात्रभर उपाशी झोपून सकाळी ताजातवाना उठतो. मेंदूला साखर लागतेच, त्याला घटकाभरही ती चुकून चालत नाही. तेजूच्या लिव्हरात साठा होतो. पण तो बाहेर सोडायला जो एक पदार्थ लागतो, तोच तिच्या अंगात तयार होत नाही. माल आत जातो, वर थप्पी चढत जाते, म्हणून पोट सुटलंय, आणि पोर मात्र उपाशी.

"म्हंजे वखार भरल्याली, आन् दार उघडंना," अक्काताई म्हणाली.

मी होय म्हटलं. कुलूप तोडता येत नाही का, असं तिनं विचारलं. मी नाही म्हटलं. मग ती उठून गेली.

दार उघडत नाही म्हणून बाहेरून सतत पुरवठा करायचा, एवढाच इलाज होता. दिवसा दर थोड्या वेळानं खाणं. साखर, फळं, दूध हे जवळजवळ बंद, कारण तेही आतल्या थप्पीतच जाऊन पडतं. आणि झोपेच्या आधी व झोपेतून उठवून मक्याचं ते पांढरंशुभ्र पीठ, दुकानात कॉर्नफ्लॉवर म्हणून मिळतं ते, मोजून गार पाण्यात कालवून प्यायला द्यायचं. कच्चंच. डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा बजावलं होतं की शिजवायचं नाही, गरम पाण्यातही घालायचं नाही. मोठी होत गेली की जरा सोपं जाईल, तोवर एकदाही खंड पडू द्यायचा नाही. पोरीचा जीव त्या पिठावर होता.

मंगलनं ते असं सांभाळलं की मी तिच्यापुढं मनात हात जोडायची. रात्री पोरीला उठवायची, समोर मांडी घालून बसायची आणि वाटी रिकामी होईपर्यंत जागची हलायची नाही. तेजूला ते पीठ आवडायचं नाही. घशात चिकटायचं, ओकारी यायची, ती रडायची, मंगल पुसायची आणि पुन्हा वाटी तोंडाला लावायची. सलग झोप म्हणजे काय ते त्या मायलेकींना ठाऊकच नव्हतं. पण तेजू शाळेत जाऊ लागली. कन्नडमधल्या पाट्या मोठ्यानं वाचून आजीला त्यांचा मराठी अर्थ सांगू लागली.

अक्काताई हे सगळं बघत होती. सुनेला एका शब्दानं तिनं कधी टोकलं नाही. पण पोर ओकारी काढायला लागली की ती उठून बाहेर ओट्यावर येऊन बसायची. सगळ्या गावाला शिजवून घालणाऱ्या बाईच्या घरात स्वतःच्या नातीला कच्चं पीठ गिळावं लागत होतं. डॉक्टरांचं म्हणणं तिच्या डोक्याला पटलं होतं, हाताला पटलं नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात रवळू भाताच्या खाचराच्या बांधावरून घसरून पडला आणि त्याचं खुब्याचं हाड मोडलं. मंगलला बापाकडं जाणं भाग होतं. दवाखान्याच्या धावपळीत पोरीला कुठं नेणार? विक्रम रोज कोगनोळीचा नाका ओलांडून कागलच्या कारखान्यात जातो, त्याला सुट्टी मिळेना. एका दिवसाचा तर प्रश्न, संध्याकाळी मी परत, असं म्हणून मंगलनं सगळं अक्काताईला समजावून दिलं. तेजूला जरा सर्दी होती, म्हणून दुपारी निजवायच्या आधी पीठ द्यायचंच आणि झोप लांबली तर उठवायचं, हेही सांगितलं. अक्काताईनं गाडा बंद ठेवला. मी स्वतः पाहिलं, सकाळभर ती घड्याळाकडं बघून पोरीला खाऊ घालत होती.

पुढचं तिनंच मला नंतर सांगितलं. दुपारी तिनं पीठ कालवलं. तेजूनं वाटी बघितली आणि तोंड फिरवलं. सर्दीनं नाक चोंदलेलं, डोळे पाण्यानं भरलेले. "आजी, आज नगं गं," एवढंच म्हणाली. अक्काताईच्या काळजाचं पाणी झालं. चमचे तेवढेच होते, पाणीही तेवढंच. तिनं फक्त गॅस पेटवला. हात न थांबवता ढवळलं, चिमूटभर मीठ आणि जिरं घातलं, कच्चा वास गेल्यावर उतरवलं आणि फुंकर घालून भरवलं. तेजूनं सगळं खाल्लं. कपाळावरचा घाम पुसून दिला तशी ती आजीच्या मांडीवरच झोपी गेली.

आणि इतकी गाढ झोपली की अक्काताईला भरून आलं. या पोरीला जन्मात कुणी पोटभर झोपू दिलं नव्हतं. आज पोटात शिजवलेलं गेलंय, तर निजू दे जरा, असं तिला वाटलं. उठवायची वेळ झाली तेव्हा तिनं पोरीच्या तोंडाकडं बघितलं आणि आणखी थोडा वेळ जाऊ दिला.

मी तिची हाक ऐकून धावले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. पोर थंडगार पडली होती आणि तिचे हात वळत होते. डब्यातली ग्लुकोजची पूड तिच्या हिरड्यांना चोळून आम्ही तिला जवळच्या दवाखान्यात नेलं. त्यांनी लगेच सलाईनमधून ग्लुकोज लावलं आणि बेळगावला पाठवलं. मंगल खानापूरहून थेट तिथंच पोचली. रक्तातली साखर वर आली, पण तेजूनं डोळे उघडले नाहीत. दोन दिवसांनी ती गेली.

तिला परत आणलं त्या दिवशी मी त्यांच्या स्वयंपाकघरात होते. गॅसवर ते छोटं पातेलं तसंच होतं. कडेला पांढरी खपली वाळून धरली होती. मंगल पाणी घ्यायला आत आली, तिनं पातेलं पाहिलं आणि तिथंच थांबली. मग तिनं ते पातेलं नळाखाली धरलं, नखानं खपली काढली, स्वच्छ घासलं आणि पालथं घातलं. विक्रमला ती काही बोलली नाही. गल्लीनं विचारलं तेव्हा सर्दीतापाचं निमित्त झालं, असं तिनंच सांगितलं. मात्र त्या दिवसापासून अक्काताईशी तिनं बोलणं टाकलं. ताट वाढून पुढं ठेवायची, कपडे धुवायची, सगळं करायची. फक्त आत्ती ही हाक तिच्या तोंडून येईना.

अक्काताईनं गाड्यावर ताडपत्री टाकली ती काढली नाही. एका सकाळी माझ्याकडं आली आणि उंबऱ्यावरच बसली. शिजवल्यानं काय झालं, असं तिनं विचारलं. खोटं बोलावं असं मला फार वाटलं. पण ती माझ्या तोंडाकडं अशी बघत होती की ते मला जमलं नाही. मी सांगितलं की कच्चं पीठ पोटात सावकाश फुटतं, त्याची साखर थोडी थोडी रक्तात येत राहते, आणि ते तेजूच्या लिव्हरच्या बदली काम करत होतं. शिजवलं की ते भराभर पचतं. साखर एकदम येते आणि लवकर संपते. मग लांब झोपेत पुरवायला मागं काही उरत नाही.

"पोरीनं वाटी चाटून खाल्ली हो बाई," ती म्हणाली. "आनखी हाय का म्हनली."

मी रडले. मला रडताना या गावात फारसं कुणी पाहिलेलं नाही.

त्यानंतर काही दिवसांनी दुपारची मी त्यांच्याकडं भाजी द्यायला गेले. दार उघडंच होतं. अक्काताई भिंतीला टेकून बसली होती. समोर तेजूची स्टीलची वाटी होती आणि कॉर्नफ्लॉवरचा उरलेला पुडा. तेजूची पीठ प्यायची हीच वेळ. अक्काताईनं ते कच्चं पीठ गार पाण्यात कालवलं होतं आणि घोट घोट गिळत होती. ओठांना पांढरं लागलं होतं, ओकारी येत होती, ती तोंडावर पदर दाबून पुन्हा वाटी उचलत होती. हे ती रोज करत असावी, कारण पुडा तळाला गेला होता. मला पुढं जावं की मागं फिरावं ते कळेना.

मंगल आतून आली. तिनं सासूकडं पाहिलं, मग वाटीकडं. खाली वाकून तिनं अक्काताईच्या हातातली वाटी काढून घेतली. मला वाटलं, आता ती भिंतीवर आपटेल. तसं केलं असतं तरी मी तिला दोष दिला नसता.

ती स्वयंपाकघरात गेली. पालथं घातलेलं ते पातेलं तिनं सरळ केलं, वाटीतलं त्यात ओतलं आणि गॅस पेटवला. ती ढवळत उभी होती आणि तिची पाठ हलत होती. पीठ चांगलं शिजल्यावर तिनं ते पुन्हा त्याच वाटीत काढलं आणि बाहेर आणून अक्काताईच्या हातात दिलं.

"आत्ती, कच्चं खाऊ नगासा," ती म्हणाली. "पोट दुखंल."

अक्काताईला वाटी धरवेना. मंगलनं तिच्या हाताला खालून आपला हात लावला आणि समोर मांडी घालून बसली. वाटी रिकामी होईपर्यंत ती जागची हलली नाही.