कोल्हारची कळशी, नगरचा नळ

सकाळच्या एस.टी.त चढले तेव्हा माझ्या एका हातात पिशवी होती आणि दुसऱ्या हातात, तोंडाला दुहेरी फडकं बांधलेली पितळेची कळशी. गल्लीतल्या निम्म्या बायका स्टँडवर पोचवायला आल्या होत्या. मला नव्हे, कळशीला, हे मला पक्कं ठाऊक आहे! प्रवरेच्या कोरड्या पात्रात वाळूत खणलेल्या झिऱ्यातून वाटीवाटीने ती कळशी तुम्ही गावकऱ्यांनीच भरून दिलीत, तेव्हा तिचं पुढे काय झालं ते तुम्हाला सांगणं भागच आहे.

नगरला माझी थोरली बहीण असते, गोदा, आमची अक्का. मुलाकडे, मधूकडे. दोन वर्षांपूर्वी ती न्हाणीत घसरून पडली, मांडीचं हाड मोडलं, तेव्हापासून तिने गाव पाहिलेलं नाही. गेल्या आठवड्यात मधूचं पत्र आलं. ‘आई जेवत नाही. डॉक्टर म्हणतात, रोग काही नाही. ती म्हणते, इथल्या पाण्यात वरणाला चव नाही, घास घशाखाली उतरत नाही. वाळत चालली आहे. मावशी, तू येऊन जा.’ नुसती येऊन काय करणार होते मी? म्हणून पाणी घेतलं. आपल्या पाण्यात शिजवलेलं वरण तिला न सांगता वाढायचं आणि तिच्या तोंडाकडे बघत बसायचं, एवढाच माझा बेत होता.

“बाई, कळशी टपावर टाका,” कंडक्टर म्हणाला.

“टपावर तुम्ही बसा. कळशी माझ्या मांडीवर राहील,” मी म्हटलं. गाडीत हशा पिकला आणि कळशी मांडीवर राहिली.

राहुरीपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना दुष्काळी कामं लागलेली. डोक्याला फडकी गुंडाळलेल्या बाया, पुरुष, म्हातारे, सगळे ओळीने खडी फोडत बसलेले. एरवी या दिवसांत इथे हिरवा ऊस डोलतो, नजर ठरत नाही. यंदा बांधावरची बाभळ तेवढी हिरवी. खिडकीतून बघताना मला आपल्या नदीची भरली थडी आठवली आणि उगीचच रडू आलं. वय झालं की असं होतं म्हणतात. मी मात्र धुळीवर ढकललं.

राहुरीला चहा घेतला. गाडीत शेजारी एक म्हातारी येऊन बसली, पाथर्डीकडची. लेकीकडे गेली होती, आता परत निघालेली. तिची नजर कळशीवरून हलेना.

“गंगेचं हाय का वं?”

“नाही आजी, प्रवरेचं.”

“मंग येकच की, गंगंलाच मिळती ती.” मग हळूच म्हणाली, “घोटभर द्या, बाई. आमच्याकडं हिरीचं पानी लई मचूळ हाय. जिभंवर ठरत न्हाई.”

खरं सांगते, माझा जीव वरखाली झाला. पण पाण्याला नाही म्हणू नये असं तीस वर्षं पोरांना शिकवलंय, आता कुठल्या तोंडाने नाही म्हणू? फडकं सोडलं, तिच्या ओंजळीत धार धरली. ती प्यायली, आणि ओली ओंजळ तशीच चेहऱ्यावरून फिरवली. “ग्वाड हाय वं,” एवढंच म्हणाली. तेवढ्यात पुढच्या बाकावरचे दोन हात मागे आले. मी फडकं घट्ट बांधलं आणि खिडकीबाहेर बघायला लागले. कंजूष म्हणायचं असेल तर म्हणा.

विळदचा घाट चढताना गाडी धापा टाकत होती. नगर आलं तेव्हा ऊन चांगलंच तापलेलं. टांग्यातून मधूच्या घरी पोचले. त्याची बायको सुमन दारात पाणी घेऊन उभी. गुणाची पोर आहे. तो पेला मी तोंडाला लावला आणि समजले. खारट म्हणावं तर खारट नाही, कडू म्हणावं तर तसंही नाही. खडूचा तुकडा चघळून वर गिळावं तसं. तहान होती तेवढीच राहिली.

“जड पाणी आहे, मावशी,” मधू म्हणाला. “जमिनीतच चुना. सवय होते.”

सवय! बंबात बोटभर जाडीचा पांढरा थर. तुरीची डाळ सकाळी चुलीवर चढवायची, सोडा घालायचा, तरी दाणा अन् दाणा वेगळा. पायावर साबण घासला तर फेस म्हणून येईना, दह्यासारखी कवडी धरली. त्यात दुष्काळाचं वर्ष, नळ पहाटे तासभर यायचा आणि जायचा. नगरकरांना दोष देत नाही मी. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

अक्का खिडकीपाशी खाटेवर होती. मला बघून हसली, आणि ते हसू तिच्या तोंडाला मोठं झालं, एवढे तिचे गाल आत गेले होते. जिच्या केसांचा अंबाडा मला एका मुठीत धरता येत नसे, तिचे केस राठ होऊन काथ्यासारखे गुंतलेले. मी हात लावला तर म्हणाली, “राहू दे शांते. इथल्या पाण्यात न्हायलं की असेच होतात.” मग बराच वेळ नदीचीच चौकशी. घाटाच्या तिसऱ्या पायरीला अजून पाणी लागतं का? मी म्हटलं, लागतं. झिऱ्याचं काही बोलले नाही.

त्या दिवशी नेमकी एकादशी. अक्काचा उपास. म्हणजे वरणभात दुसऱ्या दिवशी, द्वादशीला. कळशी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवली, वर ताटली झाकली. सुमनला सांगितलं का? नाही सांगितलं. गुपित ना माझं!

प्रवासाने शिणले होते, सकाळी उशिराच जाग आली. स्वयंपाकघरात गेले तर कळशी राखेने लख्ख घासून पालथी घातलेली.

आता तुम्हीच सांगा, त्या पोरीचं काय चुकलं? पहाटे नळ आला की घरातलं कालचं पाणी शिळं, ते प्यायला ठेवायचं नाही, भांडी घासून ताजं भरायचं. तुमच्या-माझ्या घरी दुसरं काय करतात? पाण्याचे दिवस वाईट म्हणून तिने ते फेकलंही नव्हतं, अंघोळीच्या बंबात ओतलं होतं. पण तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सुमन न्हाणीत होती. बंद दारापाशी जाऊन मी ओरडले, “सुमन, ते अख्ख्या गावानं वाटीवाटीनं भरलेलं पाणी होतं गं! अक्काच्या वरणासाठी आणलं होतं मी! डोळे फुटले होते का तुझे?”

आतून सुमनचा हुंदका, आणि त्यावर अक्काचा आवाज. “शांते, ओरडू नकोस तिच्यावर. आत ये.”

दार ढकललं. अक्का स्टुलावर बसलेली, सुमन तिला न्हाऊ घालत होती. डोकंभर पांढरा फेस. अक्का एक बट दोन बोटांत धरून ओढत होती, आणि ती सुळकन सुटत होती.

“मघापासून म्हणतेय हिला, अगं आज साबण निघत का नाही? बुळबुळ जात नाही अंगाची. असं फक्त आपल्या नदीच्या पाण्यात होतं.” तिने ओला हात माझ्यापुढे धरला. “मला वाटलं, भ्रम झाला. स्वतःलाच म्हटलं, गेलीस वाटतं तू, गोदे.”

मी खाली बसून तिचे पाय धरले आणि ढसाढसा रडले. सुमन रडत होतीच. रडत नव्हती ती एकटी अक्का.

उरलेला तांब्या मी तिच्या डोक्यावर सोडला. सुमनची मी माफी मागितली. दुपारी सोड्याचंच वरण झालं, दाणे दाताखाली येत होते, तरी अक्काने पानावर भात दोनदा घेतला. मधू तिच्याकडे बघतच राहिला. मला वाटलं, चला, काम झालं.

निघताना तिने माझा हात सोडला नाही.

“पुन्हा पाणी आणू नकोस, शांते. मला ने.”

“पाऊस पडू दे अक्का, मग...”

“पावसाचं मला सांगू नकोस. आता नेतेस का बोल.”

मग मी तिला खरं ते सांगितलं. तिसरी पायरी कोरडी आहे, नदीत वाळू आहे, घरटी दोन हंडे मिळतात, त्यासाठी चार तास बसावं लागतं. ती ऐकत होती. “वाटी धरायला पाय लागत नाहीत,” ती म्हणाली. “मला वाळूत नेऊन बसव.”

परतीच्या गाडीत शेजारी कोण होतं, कुठे थांबलो, मला काही आठवत नाही. घरी आल्यावर आधी हे लिहायला बसले. येत्या सोमवारी दुपारच्या गाडीने मधू अक्काला घेऊन येतो आहे. स्टँडवर खुर्ची घेऊन चार माणसं हवीत. आमच्या घराचा झिऱ्यावर एक हंडा वाढेल. कुणाची हरकत असेल त्याने मला रविवारपर्यंत सांगावं. ती आल्यावर तिच्यासमोर बोलू नये.