गोपीनाथ मयेकरांना मिळालेली माफी

नव्व्याण्णव साली दुबईतल्या अल कुसैसच्या आमच्या बिल्डिंगमध्ये एक बातमी लिफ्टपेक्षा जोरात वरखाली करत होती: तिसऱ्या मजल्यावरचे गोपीनाथ मयेकर सोन्याच्या स्मगलिंगमध्ये पकडले गेले. बिस्किटं म्हणे डिंकाच्या लाडवांत घालून गावी पाठवायचे. लाडू केवढा, तेही सांगणारे हाताने दाखवत होते. सांगणाऱ्यांत अर्थात मीही होते.

ती बातमी त्यांच्या शर्वाणीनेच लिफ्टमध्ये मोडून काढली. बारा-तेरा वर्षांची पोर, डोळे सुजलेले. म्हणाली, "आंटी, पपा इज नॉट अ स्मगलर. ही जस्ट टोल्ड पीपल समथिंग."

मला आधी हसूच आलं. मयेकर, आणि कुणाला काही सांगतील? शेजारी राहून इतक्या वर्षांत पापलेट काय भावाने आणलं एवढंसुद्धा मला त्यांच्याकडून काढता आलं नव्हतं. आणि माझ्यापुढे तर भलेभले न विचारता पगार सांगून मोकळे होतात.

"कुठे निघालात, भावजी?"

"जरा खाली."

"सरकारी ऑफिसात करता तरी काय दिवसभर?"

"फायली."

त्यांची बायको संध्या म्हणायची, "वहिनी, लग्नाला होकारसुद्धा यांनी मानेनेच दिलाय."

असा माणूस बोलल्याबद्दल तुरुंगात गेला!

खरं काय ते कोर्टात केस उभी राहिल्यावर कळलं. भावजींच्या फायलीबियली काही नव्हत्या. कानाला हेडफोन लावून लोकांचे फोन ऐकायचे आणि मालवणी, मराठी, हिंदीतलं बोलणं इंग्रजीत लिहून साहेबांना द्यायचं, हे त्यांचं काम. बाहेर कुणाला एक अक्षर सांगायचं नाही अशी शपथ घातलेली. सरकारने माणूस मात्र पारखून घेतला होता.

एकदा त्यांच्या कानावर एका एजंटचा फोन आला. फुजैराला जहाजांना तेल भरणाऱ्या बार्जवरची आपली कोकणातली पोरं हा एजंट दुप्पट पगाराच्या आशेने फोडत होता. त्यांना खोट्या कागदांवर एका जुनाट जहाजात चढवून कुठल्याशा लढाईच्या मुलखात नेऊन सोडायचा बेत होता. भावजींनी साहेबांना लिहून दिलं. साहेब म्हणाले, थांब, या एजंटच्या मागचा मोठा मासा गळाला लागू दे. पण त्या पोरांत रामेश्वर होता. देवगडकडच्या त्यांच्याच गावचा, वाडीतला, एका शाळेत शिकलेला.

भावजी शुक्रवारी टॅक्सी करून फुजैराला गेले. तिथल्या चहाच्या टपरीवर काय झालं ते संग्रामने आम्हाला सांगितलं. तोही त्याच जहाजावर जाणार होता.

"रामेश्वर, त्या जहाजावर चढू नको," भावजी म्हणाले.

"का रे?"

"नको म्हणतो ना."

"पण तुला सांगितलं कुणी?"

भावजी गप्प. शपथ आठवली. चहावर साय धरली तरी गप्पच.

रामेश्वर हसला. "दोन हजार दिरहॅम पगार रे. बावीस हजार रुपये! तुझी संध्या एसीत झोपते, माझी रंभा गळक्या कौलांखाली भांडी मांडत बसते. तुला काय जातंय नको म्हणायला? यल्ला, चहा पी आणि जा."

संग्राम आणि आणखी दोघेतिघे बिचकून मागे राहिले. रामेश्वर गेला. त्या जहाजाचं पुढे काय झालं, कुणालाच कळलं नाही. पोरं मागे सरली तसा एजंट सावध झाला आणि पसार झाला. ऑफिसात चौकशी सुरू झाली, बातमी फोडली कुणी? भावजी उभे राहिले आणि म्हणाले, "मी."

गुप्त माहिती बाहेर दिल्याबद्दल पाच वर्षं.

संध्या भेटीला जायची. काचेपलीकडून भावजी दरवेळी एकच विचारायचे, "रंभा काही बोलली?"

रंभा बोलली होती, फोनवर. संध्याला ते नवऱ्याला सांगवेना. शेवटी एकदा सांगितलंच. "तेका ठावक होता. ठावक आसून पुरता सांगूक नाय. तेका म्हणा, माका तोंड दाखवू नको."

भावजी म्हणाले, "बरोबर आहे तिचं." आणि वेळ शिल्लक असताना उठून आत गेले.

ईदच्या आधी कैद्यांना माफी मिळते. आमच्या ह्यांच्या कंपनीत सरकारी कामं बघणारा युसुफ संध्याला म्हणाला, "भाभी, बस दो लाइन लिखवा लो. गलती हो गई, फिर कभी नहीं बोलूँगा. खलास." भावजींनी लिहून द्यायला साफ नकार दिला. दुसऱ्या वर्षीही नकार. मग संध्याने त्यांना न विचारता स्वतःच्या नावाने अर्ज दिला. इन्शाल्ला म्हणत म्हणत नाव खरंच यादीत आलं.

बिल्डिंगमध्ये केवढा आनंद! तळमजल्यावरच्या शहनाझने पातेलंभर शेवया केल्या. मी भावजींसाठी डिंकाचे लाडू वळले, थट्टेला निमित्त हवं म्हणून. ते तसेच राहिले. माफी म्हणजे घरी येणं, अशी आपली आमची समजूत. पण इथली माफी म्हणजे तुरुंगातून थेट विमान, आणि या देशात पुन्हा पाऊल नाही. संध्या विमानतळाच्या बाहेर उभी राहिली, तिला ते दिसलेसुद्धा नाहीत. शर्वाणीची शाळा अर्ध्यात सुटली. दोन महिन्यांत मायलेकींनी घर आवरलं. जाताना संध्याने मला फ्रीज दिला. त्याच्या दारावर शर्वाणीने लहानपणी चिकटवलेली फुलपाखरं अजून आहेत, मी काढली नाहीत.

पुढच्या मे महिन्यात मी त्यांच्या गावी गेले. संध्या म्हणाली, "ते तिकडे असतील." भावजी रंभाच्या अंगणाबाहेर, दगडी गडग्यापाशी उभे होते. रोज संध्याकाळी जातात म्हणे. रंभा तुळशीला दिवा लावून वळली. कपाळावर कुंकू होतं. लावावं की पुसावं, हे तिला सांगू शकणारं कुणी नव्हतं. तिने भावजींकडे पाहिलं, आत गेली, आणि दार लावून घेतलं.

परतताना मला ती शांतता सोसेना. म्हटलं, या माणसाला जरा हसवावं. "काय हो भावजी, माझ्यापुढे कधी तोंड उघडलं नाहीत, आणि शेखांपुढे बरं उघडलंत! सगळा गाव म्हणतो, माफी मागून सुटलात."

ते थांबले. त्यांच्या तोंडून एवढं सलग बोलणं मी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं.

"शेखांनी दिली ती मी मागितली नव्हती, वहिनी. मी मागतोय ती रंभाकडे. ती अजून मिळालेली नाही."