सर जेवून गेले

होस्टेलच्या मेसमध्ये बी.एस्सी.च्या मुली मला विचारतात, "ताई, कन्सल्टन्सीत नाव द्यावं का?" मी एम.एस्सी.ला आहे आणि तीनदा नोकरी लावून देणाऱ्या कन्सल्टन्सीमार्फत इंटरव्ह्यूला जाऊन आले आहे, म्हणून त्यांना वाटतं मला माहीत असेल. मी द्या म्हणते, मग जरा थांबा म्हणते, मग ताटातलं संपवून उठते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. सल्ला देताना माझा आवाजच बारीक होतो. म्हणून जे झालं ते लिहून काढते. त्यातून जिला जे घ्यायचं ते ती घेईल.

बी.एस्सी.चा निकाल लागला त्याच महिन्यात उदगीरकडचं एक स्थळ आलं. मुलाचं खत-बियाण्याचं दुकान होतं, घर चांगलं होतं. मला नांदेडला राहून नोकरी करायची होती आणि जमलं तर पुढे शिकायचं होतं. अप्पांनी, माझ्या वडिलांनी, मला ओसरीत बसवून सांगितलं, "त्यांना दिवाळीपर्यंत थांबा म्हणतो. तवर नोकरी लागली तर आपण न्हाई म्हणू. न्हाई लागली तर मग तू न्हाई म्हणायचं न्हाई." मला तो सौदा बरोबर वाटला. आमच्याकडे मुलीशी इतकं कुणी बोलतही नाही. नोकरी लागेपर्यंत रिकामं बसायला नको म्हणून मी नांदेडला एम.एस्सी.ला प्रवेशही घेतला.

ती कन्सल्टन्सी लातूरला होती, एका कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर. जिन्यात डॉक्टरकीला लागलेल्या मुलामुलींचे फोटो लावले होते. अप्पा प्रत्येक फोटोपाशी थांबत वर आले. वर एक टेबल, दोन फोन आणि ते सर. वय फार नव्हतं, केस नीट विंचरलेले, बोलणं गोड. माझ्या गुणपत्रिका त्यांनी भराभर उलटल्या.

"केमिस्ट्री. बरं. सांगंल तिथं टायमावर येशील का?"

"हो सर."

"आदल्या दिवशी सांगितलं तरी?"

"हो सर."

"हे महत्त्वाचं. बाकी सगळं होतंय." मग अप्पांकडे बघून म्हणाले, "मामा, पोरांकडून आपण एक रुपया घेत नाही. कंपनी देते आपल्याला."

 रेणापूरच्या गाडीत बसल्यावर अप्पा म्हणाले, "फुकट कसं काय काम करंल माणूस?" गाडी गावाच्या फाट्यावर येईपर्यंत त्यांनी त्याचं उत्तर स्वतःच काढलं. सोयरीक जुळवणारा मध्यस्थही पैसे घेत नाही. दोन घरं जोडून देतो, दोन्हीकडे जेवतो, मान घेतो, आणि पुढे काही कमीजास्त झालं तर दोन्ही घरं त्यालाच बोलावतात. "तसंच हाय हे," अप्पा म्हणाले. "कंपनी तिकडची बाजू, आपण इकडची. माणसाला घरी बोलवाया पाहिजे."

मीही हो म्हणाले. मला वेगळं काही माहीत नव्हतं.

सर खरंच आले. मोटारसायकलवरून, एका रविवारी. आईने हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, शिजवली होती, वर तूप, शेजारी शेंगदाण्याची चटणी. अप्पांनी त्यांना पाटावर बसवलं आणि स्वतः समोर बसून आईला वाढायला लावलं. जेवण झाल्यावर टॉवेल, टोपी, नारळ दिला. टोपी सरांनी डोक्यावर तशीच राहू दिली आणि मोबाइलवर स्वतःचा फोटो काढला. आम्हाला किती बरं वाटलं.

सुपारी कातरता कातरता सरांनी विचारलं, "आणि मामा, पोरीच्या लग्नाचं काय?"

आमच्याकडे मध्यस्थापासून काही लपवत नाहीत. मुलीच्या हातावर भाजल्याचा डाग असला तरी आधी सांगतात, म्हणजे पुढे बोल लागत नाही. अप्पांनी सगळं सांगितलं. स्थळ, दुकान, दिवाळी. मला पित्त होतं हेसुद्धा सांगितलं. सर मान हलवत ऐकत होते. "चांगलं केलं सांगितलं ते," ते म्हणाले. आई दारामागून म्हणाली, "आता तुमच्यावरच हाय बघा." "काळजी करू नका आक्का," सर म्हणाले आणि हुग्गी फार छान झाली होती म्हणाले.

पहिला इंटरव्ह्यू लातूरच्या एमआयडीसीत, सोयाबीन तेलाच्या कारखान्यातल्या लॅबचा. सरांनी आम्हा तिघांना पाठवलं होतं. एक लातूरचा मुलगा, एक शहरातली मुलगी आणि मी. सरांचा फोन आला, "तू पहिली जा." मी पहिली गेले. साहेबांनी तेलातली आम्लता कशी काढतात ते विचारलं, मी सांगितलं, ते म्हणाले ठीक. निवड त्या मुलीची झाली.

घरी सांगितलं तर अप्पा म्हणाले, "पण पहिलं तुलाच पाठवलं ना? मान ठेवला की." ते हे गावात दोघातिघांना बोलले. माझी निवड झाली नाही ही गोष्ट त्यात बाजूला पडली.

दुसरा निलंग्याकडच्या एका साखर कारखान्यात. आदल्या संध्याकाळी फोन आला आणि मी नांदेडहून पहाटेची एसटी धरली. सोबतचे दोघे उशिरा आले. त्यांच्यातला एक तर प्रमाणपत्रांच्या झेरॉक्सही विसरला होता, तो माझ्याकडे बघून म्हणाला, "तुमी लवकर आलाव? लईच मनावर घेतलंय." पुन्हा मला पहिली आत पाठवलं. पुन्हा ठीक म्हणाले. निवड झाली झेरॉक्स विसरलेल्याची.

त्या वेळी मी स्वतःलाच बोल लावला. माझं इंग्रजी अडखळतं. मी 'सर' म्हणताना खाली बघते. चपला साध्या होत्या. होस्टेलच्या आरशासमोर मी एकटीच इंटरव्ह्यू द्यायचे, "माय नेम इज" पासून. रूममधली मैत्रीण गादीवरून ओरडायची, "अगं बाई, घेतलं तुला नोकरीवर, आता झोप."

तिसरा नांदेडलाच निघाला. पाणी आणि अन्नाचे नमुने तपासायची एक खासगी लॅब, आमच्या होस्टेलपासून चालत जाता येईल इतकी जवळ. दिवाळी तोंडावर आली होती. इथे लागलं असतं तर सकाळी कॉलेज, दुपारनंतर लॅब, सगळंच जमलं असतं. लॅबच्या दारातून आत टेबलावर ओळीने लावलेल्या काचेच्या ब्युरेट दिसत होत्या. मला ती जागा फार हवी होती.

पहिली मीच गेले. समोर एक मॅडम होत्या, पन्नाशीच्या, चष्मा गळ्यात. त्यांनी मला इंग्रजीत काही विचारलंच नाही. पाण्यातल्या क्षारांचं विचारलं, मग उठून मला टेबलापाशी नेलं आणि एक नमुना तपासायला दिला.  रंग बदलला तिथे मी नेमकी थांबले. मॅडम म्हणाल्या, "कुणी शिकवलं?"

"कॉलेजात, मॅडम."

"छान हात आहे." परत खुर्चीत बसल्या आणि माझे कागद मिटून माझ्याकडे सरकवले. "वाईट वाटतं. पण दिवाळीत लग्न ना तुमचं? आम्ही शिकवायचं आणि तुम्ही उदगीरला जायचं."

मला आधी कळलंच नाही. मी म्हणाले, "मॅडम, लग्न ठरलेलं नाही."

"तुमचे सर म्हणाले. फोनवर सगळ्यांची माहिती देतात ना ते. ठरलंय, पण पोरगी हौशी आहे, बघून घ्या म्हणाले."

"नाही ठरलं मॅडम. नोकरी लागली तर ठरणारच नाही."

त्यांनी माझे कागद परत ओढून घेऊन एकदा चाळले. मला वाटलं, आता त्यांचं मत बदलेल. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "असं सगळ्याच मुली म्हणतात बाळ. मी तुझं ऐकू की त्यांचं? आमची सगळी माणसं तेच देतात. आणि तू त्यांच्याकडून आलीस, मी तुला परस्पर घेऊ शकत नाही." मग बेल दाबली. "पुढच्याला पाठवा."

मी तिथूनच लातूरची गाडी धरली. चार तास खिडकीशी बसून काय बोलायचं ते जुळवत होते. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, वाक्यं जुळली. जिना चढून वर गेले तर सर डबा खात होते.

"ये ये. नांदेडचं झालं का?"

"सर, तुम्ही माझं लग्न ठरलंय म्हणून सांगितलं."

त्यांनी घास गिळला. चिडले नाहीत. ते चिडले असते तर मला सोपं गेलं असतं. "तुझ्या वडिलांनीच सांगितलं ना? जेवताना? मी मनाचं सांगितलं का काही?"

"ठरलंय असं नव्हते म्हणाले."

"अगं, ठरतंय आणि ठरलंय, कंपनीला एकच." मग एखाद्या लहान मुलीला समजावावं तसं म्हणाले, "हे बघ. कंपनीला एका जागेला तिघं दाखवावे लागतात. एक घ्यायचा, दोन सोडायचे. मला आधीच ठाऊक असतंय कोण घ्यायचा. पण सोडायचे दोन बी चांगलेच लागतात. टायमावर येणारे, कागद नीट असणारे. तू येतीस. पहिली तू गेलीस की कंपनीला वाटतंय, यांच्याकडं माल चांगला हाय. आणि तुला का घेतलं नाही त्याला कारण बी तयार हाय. कुणाचं मन दुखत नाही."

"माझं?"

"पैसे घेतले का तुझ्याकडून?"

मी नाही म्हणाले. खरंच घेतले नव्हते. 

"मग माझं नाव काढून टाका सर."

"काढतो की," ते म्हणाले आणि डब्याचं झाकण लावलं. "पण उद्या कुठल्या कंपनीनं विचारलं, तर सांगावं लागंल, पोरगी भांडून गेली. तुझं तूच ठरव." मग एकदम आठवल्यासारखं, "आक्काला सांग, ती हुग्गी लई भारी होती."

त्या संध्याकाळी मी नांदेडला न परतता गावी गेले. अप्पांना सगळं सांगायचं ठरवलं होतं. ते दारातच होते. "सर काय म्हणले?" त्यांनी विचारलं. मी तोंड उघडलं आणि मला दिसलं की यात सांगायला एकच गोष्ट आहे: तुम्ही बोललात म्हणून झालं. मी म्हणाले, "प्रयत्न करायलेत म्हणले." अप्पा आईला म्हणाले, "बघ. करायलेत."

दिवाळी झाली. मी नाही म्हटलं नाही. सुपारी फुटली.

साखरपुड्याला अप्पांनी सरांना निमंत्रण दिलं आणि ते आले. अप्पांनी त्यांना सोयरिकीच्या मध्यस्थाशेजारी, पहिल्या रांगेत बसवलं. मध्यस्थ म्हणजे अप्पांचे मावसभाऊ, धोतरातले, दम्याने खोकणारे. मानाचे आहेर झाले तेव्हा दोघांना सारखाच टॉवेल, सारखीच टोपी. मावसकाकांनी टोपी नीट बसवून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "पोरी, काय कमीजास्त झालं तर माझ्या दारात ये. मी जुळवलंय, मीच बघंन." सरांचा फोन वाजत होता, ते त्यावर बोट फिरवत होते.

निघताना ते माझ्याजवळ आले. मी हिरव्या शालूत होते, होणाऱ्या सासूबाई हाताच्या अंतरावर. अप्पा सरांना पोचवायला सोबतच होते.

"अभिनंदन," सर म्हणाले. "आता एक काम कर. तुझ्या वर्गातल्या एखाददुसरीचा नंबर दे. फार हुशार पाहिजे असं नाही. टायमावर येणारी पाहिजे."

अप्पा लगेच म्हणाले, "दे की गं. कुणाचं तरी भलं होईल."

मला होस्टेलच्या सगळ्या मुली दिसल्या. त्या सगळ्या टायमावर येतात. त्यांना दुसरं काही परवडत नाही.

मी म्हणाले, "सर, माझंच नाव राहू द्या. पहिली जाईन. आता तुम्हाला खोटं सांगावं लागणार नाही."

 सरांना कळलं, हे मला दिसलं. मग ते मोठ्याने हसले आणि अप्पांच्या खांद्यावर हात ठेवला. "मामा, पोरगी लई हुशार हाय तुमची."

अप्पांचं तोंड फुलून आलं. त्यांनी ते वाक्य सासऱ्यांना सांगितलं, मावसकाकांना सांगितलं, मांडव उतरवायला आलेल्यांना सांगितलं. अजूनही फाट्यावर कुणी भेटलं की सांगतात: लातूरचे कन्सल्टन्सीवाले सर घरी जेवून गेलेत, ते स्वतः म्हणले, पोरगी हुशार हाय.

परीक्षा झाली की लग्न आहे. ती लॅब होस्टेलच्या वाटेवरच आहे. मेसमध्ये कुणी विचारलं तर आता मी एवढंच सांगणार आहे: नाव द्यायचं तर द्या. पण ते सर कंपनीचे असतात, आपले नसतात. त्यांना घरी जेवायला बोलावू नका.