तळघर
विभागातल्या झेरॉक्सच्या गरम कागदाच्या वासाने ती दुपार आठवते. एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच वर्तमानपत्रांत कादंबरी पानाच्या खालच्या भागात छापत. त्या जागेला ‘तळमजला’ म्हणत. खुलताबादहून एसटीने येणाऱ्या माझ्या पीएचडीच्या विद्यार्थिनीने या विषयावरच्या टिपणात त्याऐवजी चुकून ‘तळघर’ लिहिलं होतं. तिचं ते संशोधन मी त्या चुकीसकट जसंच्या तसं एका संशोधन नियतकालिकाच्या अंकात माझ्या नावावर छापलं. त्या दुपारी विभागात सगळ्यांदेखत तो अंक उघडून ती म्हणाली, “सर, बाकी सगळं घेतलं ते घेतलं, चूक तरी स्वतःची करायची ना!” मी ओरडलो, “मार्गदर्शक कोण आहे इथं?” तिने अंक मिटला. दुसऱ्या दिवशी नोंदणी रद्द करण्याचा तिचा अर्ज आला. मार्गदर्शक म्हणून त्यावर मी लगेच सही केली. इतक्या सहज केली, याचाच आज स्वतःवर सर्वांत जास्त संताप येतो.