मृणालिनीची 'नाली'

माझ्या मुलीच्या नावाचा अर्थ मी आईला समजावून सांगितला, एवढीच माझी चूक.

गडचिरोली नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि मी कुरखेड्याच्या शाळेत मराठी शिकवत होतो. मुलगी झाली. आठ दिवस शब्दकोश उघडून बसलो (बाळंतीण माझ्याहून कमी थकली असेल!) आणि नाव काढलं: मृणालिनी.

"म्हंजे काय, बाबू?" आईने विचारलं.

"मृणाल म्हणजे कमळाचा देठ. त्यावरून मृणालिनी, कमळाची वेल."

"फूल सोडून देठ? देठाची तं आपन भाजी करतो!"

"अगं, संस्कृत काव्यात नायिकेच्या हातांना मृणालाची उपमा देतात. विरहाने तिचं अंग तापलं की सख्या तिला मृणालाची कांकणं घालतात."

"ताप आला तं दवाखान्यात काऊन नाई नेत?"

मी शब्दकोश मिटला. नाव राहिलं, पण आईच्या जिभेला 'मृ' पेलेना. मुरनालनी, मुरनाली करत करत पोरगी 'नाली' झाली. आणि आमच्याकडे नाली म्हणजे गटार! अख्खी आळी कौतुकाने म्हणे, "नाली केवढी गोड हासते!"

मी चिडलो. "आई, हे शाळेपर्यंत गेलं तर पोरीला जन्मभर चिडवतील! नाली हा शब्द बंद."

"मले तेच येते. तू नोको आयकू."

मीही हट्टी. खरंच ऐकायचं सोडलं. कोणी नाली म्हटलं की माझ्यापुरतं ते गटारच!

मुलगी दीड वर्षांची असताना एके दुपारी शेजारचे गणपतभाऊ धापा टाकत वर्गाच्या दारात आले.

"मास्तर, मायनं बलावलं. नाली तीन दिवसापासून तुंबून हाय!"

"मग फावडं लागेल," मी शांतपणे म्हणालो.

"फावडा?" गणपतभाऊ पुढे काही बोलायच्या आत मी निघालो.

मी ग्रामपंचायतीत जाऊन सफाईच्या मारोतीभाऊंना फावड्यासकट घेऊन आलो. वाटेत बजावलंही, "दयामाया नको, पार तळापर्यंत साफ करा!"

घरी आई ओसरीत बसलेली. मांडीवर मृणालिनी, पोट टम्म फुगलेलं, रडून लालबुंद.

"कुठी हाय नाली?" मारोतीभाऊंनी विचारलं.

आईने मांडीकडे बोट दाखवलं.

मारोतीभाऊंनी पोरीकडे पाहिलं, मग फावड्याकडे, मग माझ्याकडे. "मास्तर, इले फावडा नाई, डाक्टर लागते."

बायको हसू की रडू करत आत पळाली. मी पोरीला उचलून दवाखान्याकडे धावलो. औषध पोटात गेलं आणि तासाभरात काम झालं. परत येताना आळीच्या तोंडापासूनच मी ओरडलो, "आई, नाली मोकळी झाली!"

'नाली' बंद करायचा विषय मी पुन्हा काढला नाही. कोणत्या तोंडाने काढणार? आईनेही टोमणा मारला नाही. फक्त मी कुणाला एखाद्या शब्दाची व्युत्पत्ती सांगू लागलो की हळूच विचारी, "बाबू, फावडा आणू का?"

गेल्या महिन्यात ती गेली. तेव्हापासून माझ्या व्युत्पत्त्या फार लांबू लागल्या आहेत, आणि घरातले सगळे बिचारे आदराने ऐकून घेतात.